जंप, लीप आणि नागोजीचा बैल

माझा नवरा मेलेला नाही, तो हुबळीला आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर आमच्या बसवनगुडीतल्या बायकांसारखे तुम्हीही माझ्या कपाळाकडे आणि गळ्याकडे बघून अंदाज बांधत बसाल. तिकडे त्याचं दुसरं बिऱ्हाड आहे, सायकलींचं दुकान आहे आणि प्रकृती ठणठणीत आहे. मी तिशीच्या आतच माहेरी परत आले. तेव्हापासून माझा थोरला भाऊ जयतीर्थ, म्हणजे अण्णा, मला सांभाळतो. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, पण इथं तो नाही, म्हणून अरे-तुरे चालेल.

सांभाळतो म्हणजे काय, तर दोन वेळचं जेवण, दिवाळीला साडी, आणि कुणी आलं की “ही आमची विमला, फार शांत आहे बिचारी” अशी ओळख. मी शांत! कॉलेजात वादविवाद स्पर्धेत पोरांना रडकुंडीला आणलं होतं मी. इंग्रजीत एम. ए. केलं, तेही पहिल्या वर्गात, आणि त्याचा उपयोग काय, तर वैनीच्या औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचून दाखवायची. चिडून बोलावं तर कुणाला? ज्याचं खायचं त्याच्यावर कसं ओरडणार? म्हणून गप्प बसायची सवय लावून घेतली आणि लोकांना वाटलं हा स्वभावच आहे.

सत्त्याण्णव साली अण्णानं वरचा मजला भाड्यानं दिला. घेणारा पुण्याचा शंतनु, वाक्य मराठीत सुरू करून इंग्रजीत संपवणारा. त्याच्याबरोबर कॅमेरा सांभाळणारी मुंबईची मुग्धा आणि कॉम्प्युटरसमोरून हलायला तयार नसलेला नागपूरचा अद्वैत. “आपली मराठी मुलं, शुद्ध शाकाहारी,” म्हणून अण्णा खूश. अद्वैत इथल्या शिवाजीनगरला जाऊन काय काय हादडून येतो ते मला ठाऊक होतं, पण मी कशाला बोलू? हे तिघं सिंगापूरच्या एका कंपनीसाठी शाळकरी मुलांचा इंग्रजी शब्दकोश तयार करत होते. कागदावर नव्हे, सीडीवर. शब्दावर टिचकी मारायची, अर्थ वाचायचा आणि शेजारी पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत ती क्रिया प्रत्यक्ष बघायची.

एकदा वैनीनं केलेल्या होळग्या, म्हणजे तुमच्या पुरणपोळ्या, द्यायला मी वर गेले. पडद्यावर ‘हॉप’ हा शब्द होता आणि पुढे अर्थ लिहिला होता, लहानशी उडी.

“चूक,” मी म्हटलं. “माणूस हॉप करतो तो एका पायावर. आपली लंगडी असते ना, तशी. चिमणी नाहीतर बेडूक असेल तरच दोन्ही पाय जोडून.”

तिघांनी होळगी चावता चावता माझ्याकडे बघितलं. “अक्का, तुम्ही काय करता?” शंतनुनं विचारलं.

“डाळ निवडते.”

“उद्यापासून आमच्यासाठी अर्थ लिहाल?”

अण्णा आधी नाहीच म्हणाला. मग हे सगळं घरातल्या घरात आहे असा विचार करून त्यानं ‘सरी’, म्हणजे बरं, म्हटलं, पण एक अट घातली. जिना चढायचा आणि जिना उतरायचा. या पोरांबरोबर फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं दिसलं, तर त्या दिवसापासून काम बंद. लोक काय म्हणतील, हे त्याचं पालुपद. लोक म्हणजे समोरच्या घरातल्या दोन म्हाताऱ्या, त्यांतली एक बहिरी.

मला ती नोकरी हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. सकाळी दहाला कुणीतरी आपली वाट बघतंय, आपण जाईपर्यंत कुणाचं तरी काम अडलंय, ही गोष्ट मला कधी मिळाली नव्हती. मी केस विंचरताना गुणगुणायला लागले. वैनी म्हणाली, “काय गं, हुबळीहून पत्र आलं की काय?” मी म्हटलं, “अय्यो, ते मेलं कशाला येतंय!”

डिसेंबरात उड्यांचे शब्द आले आणि तिथं गाडी रुतली. मोठमोठे इंग्रजी कोश काढून बघितले. जंप म्हणजे काय, तर लीप. लीप म्हणजे काय, तर जंप. दोघांना विचारावं तर ते स्प्रिंगकडे बोट दाखवतात आणि स्प्रिंग पुन्हा लीपकडे पाठवतो. कॉर्पोरेशनच्या कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात ना, तसा प्रकार. चिडून मी ते ठोकळे मिटले, मागच्या खोलीचं दार आतून लावलं, निऱ्या खोचल्या आणि एकेक शब्द स्वतः करून बघायला सुरुवात केली.

तुम्ही हसाल, पण सगळे अर्थ असेच सुटले. जंप साधी, जागच्या जागीही चालते. स्किप म्हणजे बागडत जाणं, आधी हा पाय, मग तो. स्प्रिंग म्हणजे दबा धरून एकदम उसळणं. बाउंड म्हणजे हरणासारख्या लांब लांब उड्या टाकत सुटणं, त्याला आमची खोली पुरेना. व्हॉल्टला हाताचा आधार लागतो, म्हणून मी टेबलावर हात टेकून पलीकडे गेले आणि टेबलही माझ्याबरोबर आलं. खालून अण्णा काठीनं छत ठोकायला लागला. “त्या नागपूरच्या घोड्याला सांग जरा!” मी दार उघडून म्हटलं, “सांगते, अण्णा.”

फक्त लीप राहिला. त्याला नुसतं वर जाऊन भागत नाही. अलीकडची जागा सोडायची आणि पलीकडे जाऊन पडायचं; मध्ये ओलांडण्यासारखं काहीतरी असेल तरच ते दिसणार. आपण मराठीत झेप म्हणतो, ती. हे मी शंतनुला समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, “अक्का, जंप आणि लीप एकच हो. अद्वैतची एकच क्लिप दोन्हीकडे लावू. स्पेस वाचेल.”

“एकच असतं तर इंग्रजांना दोन शब्द पाळायची हौस होती का?”

ऐकलं नाही त्यानं. आठवड्याभरात सिंगापूरहून उत्तर आलं. दोन्ही शब्दांना एकच माणूस एकसारखाच उडतोय, मुलं हसतील. हा भाग जानेवारीअखेर नीट करून पाठवा, नाहीतर आम्ही काम दुसऱ्याला देतो. शंतनुचा चेहरा उतरला. “काम गेलं तर ऑफिस बंद, अक्का. आम्ही आपले पुण्याला परत.”

मी कुठं परत जाऊ? मी आधीच परत आलेली होते. त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

आधी त्यांनी इथल्या लालबागेत प्रयत्न केला. अद्वैतला पाण्याच्या एका पाटावरून झेप घ्यायला लावलं. तो नेमका पाटात पडला आणि बुटात चिखल घेऊन परत आला. मग मला नागोजी आठवला. नागोजी आमचा दूधवाला. मारतहळ्ळीला त्याची थोडी शेती, दोन म्हशी आणि एक बैल. त्या बैलाच्या बढाया मी रोज सकाळी दुधाबरोबर ऐकत असे. आमच्याकडे संक्रांतीच्या संध्याकाळी गुरांना रंगवून, सजवून, पेटवलेल्या पेंढ्यावरून पळवतात. त्याला किच्चू हायसणं म्हणतात. मालक कासरा धरून बाजूनं पळतो आणि दोघंही आगीवरून पलीकडे जातात. “अक्का, आमचा बसवा असा जातो, असा जातो, आकाशातलं इमान बघून लाजेल,” नागोजी म्हणायचा.

मी वर जाऊन म्हटलं, “लीप सापडला. कॅमेरा घ्या आणि मारतहळ्ळीला चला.”

“तुम्ही येणार?” मुग्धानं विचारलं. माझी अट तिघांनाही ठाऊक होती.

“मी नसले तर तुम्ही कशाचं काय टिपून आणाल! या अद्वैतनं मागे व्हॉल्टसाठी कुंपणाला लटकून दाखवलं होतं.”

संक्रांतीला दुपारी वैनीनं मला पिशवीभर येळ्ळू-बेल्ला दिला. तीळ, गूळ, खोबऱ्याचे तुकडे, साखरेच्या बाहुल्या. हे अलसूरच्या नातेवाइकांकडे वाटून ये म्हणाली. मी ‘सरी’ म्हणून निघाले, कोपऱ्यावर शंतनुच्या भाड्याच्या व्हॅनमध्ये बसले आणि पिशवी अद्वैतच्या मांडीवर ठेवली. नातेवाइकांचा सगळा तीळगूळ त्या एका पोरानं विमानतळाच्या रस्त्यावरच संपवला.

मारतहळ्ळी तेव्हा खेडंच होतं. तळं, भाताची खाचरं आणि एक अरुंद रस्ता. देवळापुढच्या मोकळ्या जागेत पेंढ्याची लांब रांग घातली होती, गावच्या गुरांची झुंबड उडाली होती. नागोजी मात्र खाटेवर बसलेला, उजवा पाय प्लॅस्टरमध्ये. आदल्याच आठवड्यात गंजीवरून पडला होता.

“मग बैलाला घेऊन पळणार कोण?” मी विचारलं.

“त्याला कोण कशाला लागतंय? नुसता कासरा धरा, अक्का. बाकीचं तो बघून घेतो.”

बसवाची शिंगं निळी रंगवलेली, त्यांना फुगे बांधलेले, गळ्यात झेंडू. दिसायला राजबिंडा. अद्वैतनं कासरा धरला, आग पेटली, मुग्धानं कॅमेरा डोळ्याला लावला. दोघंही जोरात पळत आले आणि आगीपाशी येऊन दोघंही थांबले. बसवानं शेजारच्या गाईच्या गळ्यातला झेंडू खाल्ला. दुसऱ्यांदा बैल थोडा पुढं गेला, पण अद्वैत थांबला. तिसऱ्यांदा अद्वैत जागच्या जागी उडाला आणि बैल त्याच्याकडे बघत राहिला. गावची बाकी सगळी गुरं पार झाली होती, पेंढा संपत आला होता आणि पोरं हसून हसून लोळत होती.

“अक्का, लाइट जातोय,” मुग्धा म्हणाली. “अजून एकदाच जमेल. मग काही दिसणार नाही.”

सिंगापूरवाले काही पुढच्या संक्रांतीपर्यंत थांबणार नव्हते. मला दिसला तो रिकामा वरचा मजला आणि माझ्यापुढे ठेवलेलं डाळ निवडायचं सूप. माझं डोकंच फिरलं.

“अरे मेल्या,” मी अद्वैतवर ओरडले, “ही जंप झाली! पुन्हा पुन्हा तेच करतोस! पलीकडे जायचंय, पलीकडे!”

“तुम्हीच दाखवा ना मग!” तोही तणतणला.

“आण इकडे!”

चपला काढल्या, पदर कमरेला गुंडाळला, निऱ्या गुडघ्यापर्यंत वर खोचल्या आणि कासरा हातात घेतला. बसवाला म्हटलं, “हे बघ, आज तू थांबलास तर आपण दोघंही घरी गोठ्यात.” मग धावले. कशी धावले माहीत नाही, शाळेनंतर मी धावलेच नव्हते. आग एवढी मोठी असेल असं लांबून वाटलं नव्हतं. पण तोवर पाय उचलले गेले होते आणि शेजारून ते धूड वर चढल्याचा वारा लागला. वर असताना मी ओरडले. भीतीनं नव्हे, मजा वाटली म्हणून! पलीकडे माती लागली, कासरा हातातून सुटला आणि बसवा मला तिथंच टाकून नागोजीच्या उसात घुसला.

बायका ओरडत होत्या, पोरं शिट्ट्या मारत होती. मी धुळीत बसून हसत होते, हसू थांबेचना.

“मिळालं!” मुग्धा धावत आली.

“बैल नीट आला?”

“बैल आलाय थोडाफार. तुम्ही आलात, अक्का.”

दुसऱ्या दिवशी आम्ही ते पडद्यावर बघितलं. तिकिटाएवढ्या चौकटीत एक बाई आगीवरून जात होती, पोटऱ्या उघड्या, तोंड उघडं, वेणी उभी. अलीकडून पलीकडे. शंतनुनं बघितलं आणि म्हणाला, “ओके. लीप वेगळाच असतो.” एवढं कबूल करायला त्याला पुरता दीड महिना लागला. मग घाबरून म्हणाला, “पण अण्णांचं काय? बैलच ठेवू, तुम्हाला कापतो.” कापून बघितलं, तर बैलाचं नुसतं मागचं ढुंगण उरलं. त्यावरून कुठल्या मुलाला काय कळणार!

“राहू दे,” मी म्हटलं. “अण्णा कशाला शब्दकोश बघतोय.”

सिंगापूरला तो शब्द फार आवडला. बाकीची सगळी क्रियापदं तुम्हीच करा, म्हणाले. वर्षभराचं काम आलं आणि शंतनु आनंदानं वेडा झाला. त्या भरात तो सरळ खाली गेला आणि घरमालकांना सहकुटुंब बघायला या म्हणून आमंत्रण देऊन आला. मी कपाळावर हात मारला, पण तोवर अण्णा कोट घालून तयार होता. बरोबर वैनी, आणि अण्णाचे मित्र हयवदनराव, हायस्कूलचे रिटायर्ड हेडमास्तर.

पहिला अर्धा तास बरा गेला. हत्ती बघितला, आगबोट बघितली. मग हयवदनराव म्हणाले, “माझा जन्म एकोणतीस फेब्रुवारीचा. लीप इयर दाखवा पाहू. लीप, एल ई ए पी.” अद्वैत नको नको म्हणेपर्यंत मास्तरांनी आपल्या बोटांनी अक्षरं दाबली सुद्धा.

आग पेटली आणि मी ओरडत तिच्यावरून गेले.

अण्णा पडद्याकडे बघत होता. “ही कोण?” त्यानं विचारलं.

“अरे जयतीर्था, ही आपली विमला की!” हयवदनराव चष्मा पुसत म्हणाले.

“छे,” अण्णा म्हणाला. “आमची विमला अशी नाही. कुणीतरी भाड्यानं आणलेली बाई दिसतेय.” आणि माझ्याकडे न बघता तो शंतनुला म्हणाला, “होय ना?”

शंतनु पुण्याचा, त्याला लगेच समजलं. “हो काका, आर्टिस्ट होती. जयनगरची.”

वैनीचा जीव भांड्यात पडला. हयवदनराव ‘असेल असेल’ म्हणाले. सगळं निभावलं होतं. अण्णानं मला ओळखलं होतं, हे मला कळलं होतं. आणि मी गप्प राहिले तर नोकरी, ऑफिस, घर, सगळं जिथल्या तिथं राहणार, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. करायचं काय होतं? गप्प बसायचं. त्यात तर मी पटाईत.

पण मला इतका राग आला की कान तापले. इतक्या वर्षांत मी जे एक काम धडपणे केलं, ते अण्णानं त्या जयनगरच्या बाईला देऊन टाकलं होतं.

“अण्णा, ती मीच आहे,” मी म्हटलं. “नीट बघा.” आणि पुढं होऊन मी शब्दावर पुन्हा टिचकी मारली.

या वेळी त्यानं शेवटपर्यंत बघितलं. बैल उसात गेला तोपर्यंत.

“पाय नाही भाजला?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“हं.” तो उठला, कोटाची बटणं लावली आणि दारातून शंतनुला म्हणाला, “महिनाअखेर जागा खाली करा.” माझ्याशी एक शब्द नाही.

इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कारखान्याच्या वरच्या बाजूला शंतनुला दोन खोल्या मिळाल्या. “अक्का, तुमचं काय?” तो विचारत होता तेव्हा मुग्धाची स्वतःच्या भाड्याच्या खोलीत दुसरी खाट टाकूनही झाली होती. टेम्पो आला. कॉम्प्युटर चढले, टेबलं चढली, माझ्या साड्यांचं गाठोडं आणि पुस्तकं चढली. वैनी रडली, लोणच्याची बरणी दिली आणि वर सगळं माझंच चुकलं असंही सांगितलं. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

अण्णा फाटकापाशी उभा होता. मला वाटलं, आता बोलेल काहीतरी, निदान एक शिवी तरी देईल. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा तो खाकरला.

“शनिवारी जेवायला येत जा,” तो म्हणाला.

“शनिवारी माझा उपास असतो, अण्णा.”

“कधीपासून?”

“तुमच्याकडे राहायला आले तेव्हापासून.”

त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

“मग रविवारी,” तो हळूच म्हणाला.

“बघते,” मी म्हटलं. “सुट्टी मिळाली तर.”